शुगर घराण्यात आहे? मग भावाला आधी तपासा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मधुमेहावरचा लेख वाचला आणि त्याच्या खाली छापलेली जाहिरातही. लाळेचा नमुना द्या, तुमच्या जनुकांत मधुमेह आहे की नाही ते सांगतो, अशा अर्थाची. लेखाबद्दल तक्रार नाही, जाहिरातीबद्दल आहे. नागपूरच्या धंतोलीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून उभी नोकरी झाली, उपाशीपोटी आलेल्यांचे रक्त काढण्यात. बाहेरच्या बाकावर घराण्याबद्दल दोनच बोलणी कानावर यायची. एक, "आमच्या खानदानातच शुगर आहे जी, पथ्य पाळून काय होणार?" दुसरे, "आमच्यात कोणालाच नाही, मला कशी होईल?" रक्त देऊन झाले की दोघेही तर्री पोह्याच्या गाडीवर एकत्र दिसायचे.

त्यातल्या दुसऱ्याला जरा खोदून विचारले की कळायचे, वडील साठीच्या आत ‘अटॅकने’ गेले. त्यांची शुगर कधी कोणी मोजलीच नव्हती.

विदर्भात आनुवंशिक आजार म्हटला की लोकांना सिकल, म्हणजे तांबड्या पेशींचा सिकल सेल आजार, आठवतो. तिथला हिशेब सरळ आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी बिघडलेले जनुक बाळगत असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. एका जनुकातला एक बदल, आणि रक्ताच्या तपासणीत पक्के निदान. टाइप 2 मधुमेहही असाच ‘असतो किंवा नसतो’ अशी समजूत झाली आहे आणि जाहिरातवाले नेमका तिचाच फायदा घेतात. प्रत्यक्षात 2024 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 25 लाखांहून जास्त लोकांची जनुकीय माहिती तपासली, तेव्हा या आजाराशी संबंध असलेल्या जनुकसाच्यातल्या 600 च्या वर जागा निघाल्या. बहुतेकींचा वाटा चिमूटभर. त्यातल्या त्यात ठळक म्हणजे टीसीएफ7एल2 हे जनुक, 2006 साली आइसलँडच्या संशोधकांनी पुढे आणलेले. त्याची जोखमीची एक प्रत असली तर धोका साधारण 1.4 पट होतो. ती प्रत नसलेल्यांनाही शुगर होतेच, आणि असलेल्या कित्येकांना जन्मभर होत नाही. शिवाय हा अभ्यास बराचसा युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला. लाळेच्या रिपोर्टवर ‘मध्यम जोखीम’ असे छापून आले, तर इतवारीतल्या दुकानदाराने उद्या सकाळपासून वेगळे काय करायचे?

त्यापेक्षा आईला आणि वडिलांना शुगर आहे का, एवढे विचारा. एकाला असेल तर मुलाची आयुष्यभराची जोखीम 40 टक्क्यांच्या आसपास धरतात, दोघांना असेल तर 70 च्या. ही माहिती फुकट मिळते.

आता इन्सुलिन रेझिस्टन्सबद्दल, कारण हा शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते, पण स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते आणि शुगर कितीतरी वर्षे नॉर्मलच दिसते. रिपोर्ट नॉर्मल, माणूस खूश. हे जादा काम करणाऱ्या बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, ज्यांच्या जन्मतःच कमकुवत, त्यांच्या आधी थकतात, आणि आजवर सापडलेली बरीचशी जनुके याच बीटा पेशींशी निगडित आहेत. म्हणून दोन भावांचे पोट सारखेच सुटलेले असले तरी एकाला चाळिशीत शुगर निघते आणि दुसरा पन्नाशीतही संत्रा बर्फी खात फिरतो.

या नॉर्मल रिपोर्टच्या काळातही एक खूण डोळ्यांना दिसू शकते. मान मागच्या बाजूने काळवंडते, तिथली कातडी जाड अन् मखमलीसारखी होते, काखेतही तेच. आया पोरींची मान दगडाने, बेसन-हळदीने घासून काढतात, नीट आंघोळ करत नाही म्हणून रागावतात. तो मळ नसतो. बऱ्याचदा रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते. त्यात मुलीची पाळी अनियमित असेल आणि घरात कोणाला शुगर असेल, तर गोरेपणाच्या क्रीमचे पैसे रक्त तपासणीला लावा.

घराण्यातून येते ते सगळे जनुकांतूनच येते असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. शेजारी उभे दोघे, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे सरासरी 2.7 किलोची आणि इंग्लंडमधली 3.5 किलोची, तरी आपल्या बाळांनी वजनाच्या मानाने चरबी राखलेली, हेही याज्ञिकांच्याच गटाने दाखवले. म्हणजे आईच्या पोटात असताना झालेली आबाळ, गरोदरपणातली आईची शुगर आणि पुढे सगळ्यांचे एकच स्वयंपाकघर, हेही वारशातच मोजायला हवे. सुनेची जनुके तर वेगळ्या घरातून आलेली असतात, पण त्याच ताटात जेवून काही वर्षांनी तीही सासूच्या शेजारी बाकावर येऊन बसते.

‘खानदानात आहे, काय होणार’ म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतला एक मोठा प्रयोग सांगण्यासारखा आहे. शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्यांपैकी ज्यांनी आहार सांभाळला, नियमित व्यायाम केला, वजन उतरवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. हे 2002 साली जाहीर झाले. पुढे 2006 मध्ये त्याच लोकांचे टीसीएफ7एल2 तपासले, तेव्हा जोखमीच्या दोन्ही प्रती बाळगणाऱ्यांनाही त्या मेहनतीचा फायदा झालेला दिसला. भारतातल्या तशाच अभ्यासात घट 28.5 टक्के होती. अमेरिकेपेक्षा कमी, पण मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांइतकीच.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने 2005 साली भारतीयांसाठी 100 गुणांची एक साधी पत्रिका केली. वयाचे जास्तीत जास्त 30 गुण, पोटाच्या घेराचे 20, बैठेपणाचे 30 आणि आई-वडिलांचे 20. बेरीज 60 किंवा वर गेली की जोखीम मोठी, रक्त तपासा. शिंप्याची टेप एवढेच साहित्य लागते. आई-वडील दोघेही मधुमेही असले तरी त्याचे गुण 20 च, आणि पोट अन् बैठेपणा मिळून 50. मे महिन्यात 45 अंशांत चालायला सांगणे क्रूरपणा आहे, हे नागपूरकर म्हणून मान्य. पण पहाटे पाचला अंबाझरी तलावावर ऊन नसते.

जनुकीय तपासणीच वाईट, असे माझे म्हणणे नाही. विशी-पंचविशीतला सडपातळ मुलगा, बापाला आणि आजोबालाही तरुणपणीच शुगर लागलेली, असे घर दिसले तर तो मोडी नावाचा प्रकार असू शकतो. तिथे एकाच जनुकातला बिघाड कारण असतो आणि तो कोणता ते कळले तर उपचार बदलतो. त्यातल्या एका प्रकारात सल्फोनिलयुरियाच्या स्वस्त गोळीने काम भागते, इन्सुलिनची सुई सुटू शकते. अशा घरासाठी ती तपासणी डॉक्टरांनी लिहून द्यावी. वर्तमानपत्रातून सरसकट विकायची ही वस्तू नाही.

माझी सूचना साधी आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, महापालिकेचे दवाखाने किंवा खासगी डॉक्टर, कोणाकडेही नवा मधुमेही नोंदवला गेला की त्याच कागदावर त्याच्या सख्ख्या भावंडांची आणि तिशी ओलांडलेल्या मुलांची नावे लिहून घ्यावीत आणि त्यांना बोलवावे. आज रुग्णाला ‘घरात कोणाला आहे का’ विचारतात, ‘हो’ वर टिचकी मारतात आणि विषय संपतो. सोबत आलेला भाऊ बाहेर स्कूटरवर बसून मोबाइल बघत असतो. उपाशीपोटी 126 आणि त्यावर मधुमेह, 100 ते 125 म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावरचे लोक सापडतील ते याच स्कूटरवर.

आणि भावंडांना बोलावल्यावर विदर्भात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा, जो पुण्या-मुंबईचे लेख वाचून सुचणार नाही: घरात सिकल आहे का? तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात या गृहीतावर उभी आहे. सिकलच्या रुग्णाच्या पेशी 10 ते 20 दिवसांत मोडतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. नुकतेच रक्त चढवले असेल तर आणखी गोंधळ. वाहकांमध्ये फरक थोडा पडतो आणि तोही मशीनच्या पद्धतीवर अवलंबून असतो. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसीच्या मशीनवर सिकलच्या हिमोग्लोबिनचा वेगळा उंचवटा आलेखात स्पष्ट दिसतो. टेक्निशियनला दिसतो, पण रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदावर कित्येकदा फक्त ‘5.4’ असा नॉर्मल आकडा छापलेला असतो. तो आलेख किंवा निदान ‘वेगळे हिमोग्लोबिन आढळले’ एवढी ओळ रिपोर्टवर यायला हवी. सिकलच्या रुग्णाची शुगर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशीच मोजावी, गरज पडल्यास रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी करावी. लॅबच्या फॉर्मवर ‘सिकल: रुग्ण, वाहक, नाही, माहीत नाही’ असा एक रकाना वाढवायला काहीच खर्च येत नाही. नागपुरातल्या लॅबचालकांनी हा रकाना स्वतःहून सुरू करावा, अशी विनंती आपल्या पत्रातून करतो.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, महाल, नागपूर