पोटातली प्रत्येक गाठ टीबीची नसते

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाने ९ महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. त्याला टीबी नव्हता.

संध्याकाळी कणकण, उतरलेलं वजन, हिमोग्लोबिन ८, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) शंभराच्या पुढे आणि सोनोग्राफीत आतड्यांजवळ लिंबाएवढी गाठ. एवढं दिसलं की आपल्याकडे टीबी धरतात. डॉक्टरांना सगळा दोष देत नाही. पोटाचा टीबी इथे आहेच. सुई टाकून पेशी तपासल्या, त्यात टीबीचा पुरावा मिळाला नाही. तरी गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी गाठ तेवढीच, सहा महिन्यांनीही तेवढीच. दर वेळी सांगितलं, कोर्स पूर्ण करा.

शेवटी दुसऱ्या शहरात ऑपरेशन करून अख्खी गाठ काढली, तेव्हा नाव कळलं: कॅसलमन. बोस्टनचे पॅथॉलॉजिस्ट बेंजामिन कॅसलमन यांनी १९५० च्या दशकात वर्णन केलेला, लसिकाग्रंथी (संसर्गाशी लढणाऱ्या शरीरातल्या छोट्या गाठी) वाढवणारा हा दुर्मीळ आजार. कॅन्सर नव्हे. सुईने पेशी मिळतात, पण हा आजार ओळखायचा तो ग्रंथीच्या आतल्या रचनेवरून. त्यासाठी ग्रंथीच काढून पाहावी लागते. एकाच जागची गाठ पूर्ण निघाली की बहुतेक रुग्ण बरे होतात. भावाचा ताप आठवडाभरात गेला. आईने त्या दिवशी थर्मामीटर कपाटात ठेवलं.

साहेब, माझी मागणी मुख्यतः एकच आहे. पुराव्याविना टीबीचं औषध सुरू केलेल्या पोटाच्या गाठीची दोन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी व्हावी. गाठ हटली नसेल, तर रुग्णाला जिल्हा रुग्णालयातून बायोप्सीसाठी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याचा लेखी नियम करा. प्रवासखर्चासकट, कारण आमचे तीन महिन्यांचे पैसे एसटी आणि लॉजमध्ये गेले.

ज्यांच्या अनेक ठिकाणच्या ग्रंथी वाढतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे ऑपरेशन पुरत नाही, आजार जिवावर बेतू शकतो. काहींना इंटरल्युकिन-६ (शरीरात दाह वाढवणारं प्रथिन) रोखणारं टोसिलिझुमॅब देतात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत लोक ज्याच्यासाठी वणवण फिरले, तेच हे महागडं इंजेक्शन. या रुग्णांना ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून विनाअडथळा मिळावं.

भावाच्या गाठीच्या काचेवरच्या स्लाइड आणि मेणात बसवलेले तुकडे, म्हणजे ब्लॉक, आम्ही जपून ठेवले आहेत. जिल्ह्यातल्या डॉक्टरांना दाखवायला हवे असतील, तर मी स्वतः आणून देईन.

आपली,
एका रुग्णाची बहीण