आवाज ओळखला, माणूस नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीत मुलाने आमच्या चरईतल्या घराला आवाजावर उघडणारं कुलूप बसवलं. हिला संधिवात, किल्ली फिरवताना बोटं कळवळतात, म्हणून. ही बाहेरून ‘दार उघड गं बाई’ म्हणाली की खट्ट.

गेल्या रविवारी दुपारी ही आत पलंगावर घोरत होती, आणि बाहेरून तिचाच आवाज आला. दार उघडलं. दारात नऊ वर्षांचा नातू, हातात मोबाइल! आदल्या दिवशी जिन्यात आजीच्या मागे उभं राहून त्याने वाक्य टिपून ठेवलं होतं. कंपनीला फोन केला, तर उत्तर आलं, ‘‘आवाज मॅडमचाच होता ना सर? मग सिस्टीम बरोबर आहे.’’

मी तीस वर्षं नाटकांना ध्वनी दिला, त्यातली बरीच गडकरी रंगायतनच्या विंगेत. माईक तोंडाजवळ असला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वास त्यावर आपटतो. त्यासाठीच आम्ही माईकला स्पंजची टोपी घालायचो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो वारा येत नाही. खर्जही येत नाही. शिवाय ध्वनिमुद्रण वाजवलं की त्यात दोन जागांचा घुमारा असतो, जिथे टिपलं तिथला आणि जिथे वाजवलं तिथला. आमच्या जिन्यात तर तो लपतच नाही.

हे यंत्रालाही शिकवता येतं. २०१७ साली ‘एएसव्हीस्पूफ’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत संशोधकांपुढे हेच काम होतं: जिवंत बोलणं कोणतं आणि पुन्हा वाजवलेलं कोणतं, ते ओळखा. उपकरणं उत्तम असली की ओळखणं अवघड होतं, हेही तिथे दिसलं. म्हणून ठरलेल्या एका वाक्यावर दार सोडूच नये. कुलपाने दर वेळी नवे चार आकडे म्हणायला लावावेत. टिपलेलं वाक्य मग काय कामाचं? आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रं आता आली आहेत, त्यांच्यापुढे हेही पुरणार नाही. तेव्हा जोडीला पिन हवाच.

साध्या कुलपावरसुद्धा किती लिव्हरचं ते कोरलेलं असतं. या महागड्या खोक्यावर ‘ध्वनिमुद्रित आवाजाने उघडतं की नाही’ एवढं छापायची सक्ती सरकारने करावी.

तूर्त आम्ही आवाजाची सोय बंद केली आहे. हिची किल्ली नातूच फिरवतो, दर खेपेला एक लिमलेटची गोळी घेऊन.

– एक निवृत्त ध्वनिसंयोजक, चरई, ठाणे