यंदाचे संकल्प आणि एक निर्णय

न्यूर्नबर्ग,
२६ डिसेंबर २०२५

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग आता पत्र कशाला, असं आई विचारेलच. फोनवर बाबा ‘बरं’ म्हणतात, आई ‘जेवलीस का’ म्हणते आणि सांगायचं ते राहून जातं. यंदाचं मला सगळं नीट, सुरुवातीपासून सांगायचंय. निखिलचा मित्र परवा पुण्याला निघालाय, त्याच्याकडे हे पत्र आणि खाऊचा डबा देतेय. दोघं मिळून वाचा. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, कारण आईनं चष्म्याचा नंबर अजून तपासून घेतलेला नाही, हे मला माहीत आहे. तो या आठवड्यात तपासायचा.

डब्यात इथले लेबकुखन, म्हणजे नाताळातली मसालेदार बिस्किटं आहेत. त्यातल्या एलिझेन प्रकारात निदान २५ टक्के तरी बदाम, अक्रोड वगैरे असावे लागतात आणि पीठ अगदी नावाला. बाबांनी चहाबरोबर अर्धाच खायचा, रोज नाही. त्यात अंडं असतं, म्हणून आई, तुझ्यासाठी वेगळ्या पुडीत मार्झिपान ठेवलंय. ते नुसते वाटलेले बदाम आणि साखर आहे, अंडं नाही. निर्धास्त खा.

इथे २४ तारखेला दुपारी दोनपर्यंत सगळी दुकानं बंद होतात. महिनाभर फ्राउएनकिर्ख चर्चसमोरच्या चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छपरांचा नाताळबाजार गजबजलेला असतो, तोही त्याच वेळी उठतो. मग २५ आणि २६ अशी दोन दिवस सुट्टी. रस्त्यावर माणूस दिसत नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत मी बाबांनी दिलेल्या लाल चोपडीत वर्षाचे संकल्प लिहिले होते. आपल्याकडे हे पाडव्याला व्हायचं, बाबांच्या नव्या चोपडीची पूजा झाली की. काल ती चोपडी काढून बसले.

रोज फोन करायचा, हा पहिला. तो पाळला. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आमचे दुपारचे साडेचार, आणि तेव्हा खिडकीबाहेर अंधार झालेला असतो. ऑफिसात सगळ्यांना आता ठाऊक आहे की या वेळेला मी मीटिंग घेत नाही. दर महिन्याला एक मराठी पुस्तक, हा पावसाळ्यापर्यंत चालला. पोहायला शिकले. आईसारखी कटाची आमटी अजून जमत नाही, पण निखिल निमूट दोन वाट्या घेतो.

पाचव्या ओळीत लिहिलंय, ‘आईचा गुडघा’. त्याच्यापुढे मी काहीच लिहू शकले नाही. मिरजेचे डॉक्टर मार्चमध्येच म्हणाले होते की आता लांबवू नका. आधी आंब्याचं लोणचं, मग गणपती, मग बाबांची साखर, मग दिवाळी. आई, तू पायऱ्या उतरताना कठड्याला कशी धरतेस, ते मला व्हिडिओवर दिसतं. तू फोन पटकन दुसरीकडे वळवतेस, तरी दिसतं. त्या पायऱ्यांवर बसून तू माझी वेणी घालायचीस आणि वेणी संपेपर्यंत मला पाढे म्हणावे लागायचे. एकोणीसच्या पाढ्याला अडले की तू केस जरा ओढायचीस. त्याच पायऱ्यांना तू आता घाबरतेस, हे माझ्याच्यानं बघवत नाही.

सहावी ओळ होती, ‘पासपोर्टचं काय ते ठरवायचं’. ते ठरलं. मी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केला होता आणि तो मंजूर झालाय. जानेवारीत प्रमाणपत्र मिळेल.

बाबा, लगेच वाचायचं थांबू नका. पुढचं वाचा.

जून २०२४ मध्ये इथला कायदा बदलला. आठऐवजी पाच वर्षांनी अर्ज करता येतो आणि जुनं नागरिकत्व सोडा, अशी जर्मनीची अटही राहिलेली नाही. अट आपल्याकडे आहे. १९५५ च्या कायद्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं आपोआप जातं. हा एकच मुद्दा मला वर्षभर झोपू देत नव्हता. मी निखिलशी किती वेळा भांडले असेन, तो बिचारा ऐकून घ्यायचा.

आता मी का हो म्हटलं ते सांगते. माझ्याकडे इथला कायमच्या वास्तव्याचा परवाना आहे, आणि तुम्हाला वाटतं की तो पुरेसा आहे. पण सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलं, तर तो परवाना संपतो. आधी अर्ज करून मुदत वाढवून घेता येते, पण ती द्यायची की नाही हे कार्यालयाच्या हातात. म्हणजे उद्या तुम्हाला माझी वर्षभर गरज लागली, तर मला नोकरीसोबत इथलं राहणंही पणाला लावून निघावं लागेल. जर्मन पासपोर्ट असला की मी कितीही दिवस बाहेर राहू शकते, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) मिळालं की भारतात आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येतं, हवं तितकं राहता येतं. पासपोर्ट बदलला की मी तुमच्याजवळ जास्त राहू शकेन. हे ऐकायला उलटं वाटेल, पण मी सगळे कागद वाचलेत, तीन जणांना विचारलंय, तसंच आहे.

तुम्हाला इकडे कायमचं आणायचाही विचार केला होता, तोही सांगून टाकते. आईवडिलांना आणण्याची सोय आता कायद्यात आहे, पण ज्यांचा परवाना १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा निघाला, त्यांच्यासाठीच. माझा जुना. शिवाय या वयात इथला आरोग्य विमा मिळणं फार अवघड. आणि खरं म्हणजे, बाबांना सकाळी गणपती मंदिरापर्यंत चालून आल्याशिवाय आणि कोपऱ्यावर चार माणसांशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही. तुम्हाला तिथून उपटून इथल्या चौथ्या मजल्यावर आणून ठेवायला माझं मन तयार नाही.

२०१९ चा तो ऑगस्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि मी इथे दर तासाला फोनवर आकडे बघत होते. तुमचे दोघांचेही फोन बंद. माझं परवान्याचं कार्ड छापून यायचं होतं. देश सोडला तर परत येता येईल का, याचं सरळ उत्तर कार्यालयात कोणी देत नव्हतं. तुम्ही काकूंच्या गच्चीवर आहात हे मला दादाच्या मित्राकडून कळलं. आई, तू नंतर म्हणालीस, ‘तू येऊन काय केलं असतंस?’ काही केलं नसतं. जवळ असते.

आणि या नोव्हेंबरात खालच्या मजल्यावरच्या आजी पडल्या. चौऱ्याऐंशीच्या आहेत, एकट्या राहतात. त्यांच्या गळ्यात एक बटण असतं. ते दाबलं की टेबलावरच्या यंत्रातून माणूस बोलतो आणि मदत येते. मी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांनी मुलाला हॅम्बुर्गला फोन केला आणि तो मिळेल ती गाडी पकडून रात्रीच दारात उभा राहिला. त्यानं कोणाला विचारलं नाही, कोणाचा शिक्का घेतला नाही. त्या रात्री माझ्या मनातली उरलीसुरली कुरकुर संपली.

आता बाबांच्या मनात काय येईल, तेही लिहिते. मतदान. तुमच्यामागे लागून माझं नाव यादीत घातलं, ते आता काढावं लागेल. पहिल्यांदा मतदान करून आले तेव्हा तुम्ही माझ्या बोटावरची शाई बघितली आणि आईला साखर द्यायला लावलीत. त्याचं मला फार वाईट वाटतंय. तसं इथे बसून भारतात मत देता येत नव्हतंच, त्यासाठी सांगलीतच हजर असावं लागतं. आणि इथे फेब्रुवारीत मोठी निवडणूक झाली, सगळे कर भरूनही मी बाजूला उभी. आता निदान एका ठिकाणी मत असेल. मत न देणारी माणसं तुम्हाला आवडत नाहीत, तुमच्याकडूनच ते घेतलंय.

मळ्याचंही सांगते. हे लिहिताना हात थांबला, पण तुम्ही विचारणार आणि आई रागावणार, त्यापेक्षा मीच लिहिते. ओसीआयवाल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली ठेवता येते. त्यामुळे दादाचं आणि माझं जे तुमच्या मनात आहे, त्याला धक्का लागत नाही. हा विषय आता तीस वर्षं काढायचा नाही.

निखिल सध्या भारतीयच राहणार आहे. दोघांपैकी एकाचा पासपोर्ट निळा राहावा, असं आमचं ठरलंय.

परीक्षा होती बरं का, बाबा. ३१० प्रश्नांचा संच असतो, त्यातले ३३ येतात आणि १७ बरोबर आले की पास. चौथीच्या स्कॉलरशिपसारखा अभ्यास केला मी, तुम्ही शिकवलेला तसाच, आधी सोपे सोडवून. इथल्या संविधानाचं वर्ष १९४९ आलं तेव्हा तुमची आठवण आली, कारण २६ नोव्हेंबर १९४९ तुम्ही माझ्याकडून घोकून घेतला होता.

जुना पासपोर्ट जमा करावा लागतो, पण रद्द केल्याचा शिक्का मारून परत देतात. पहाटेच्या एस.टी.नं पुण्याला जाऊन, दिवसभर रांगेत थांबून आपण काढलेला तो पहिला पासपोर्ट माझ्याकडे आहेच, तुम्ही कव्हरच्या आत सरकवलेल्या गणपतीसकट. तो गणपती आता नव्याच्या कव्हरमध्ये जाईल. मी तीच आहे, बाबा. माझं नाव, आडनाव, जन्मगाव सगळं तसंच लिहिलेलं असेल. जन्मगाव सांगली.

आई, तुझ्यासाठी. इथे माझी काही आबाळ नाही. घर उबदार असतं, घरात स्वेटरही लागत नाही. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी आता फुगते. तुझी कांदा-लसूण चटणी अजून अर्धी बरणी आहे, भडंग मात्र संपलं. थंडीत नाक लाल होतं म्हणून तू काळजी करतेस, पण ते बाहेरून आल्यावरचं असतं, सर्दीचं नसतं. रात्री उशिरा एकटी येत नाही. आणि हा निर्णय निखिलनं माझ्यावर लादला, असं मनातही आणू नकोस.

आता मे महिन्याचं. कंपनीनं मे ते जुलै बिनपगारी रजा दिलीय. कागद वेळेत झाले तर तोपर्यंत कार्ड हातात असेल, उशीर झाला तर व्हिसा काढून येईन, पण येणार नक्की. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मेच्या पहिल्या आठवड्यात करून टाकायचं. १७ मेपासून अधिक महिना आहे, त्यात नको असं बाबा म्हणतील, म्हणून आधीची तारीख धरा. जानेवारीतच डॉक्टरांना भेटून या, दादा बंगळूरहून येऊन नेईल, त्याला मी सांगितलंय. अधिकाचं वाण म्हणून जावयासाठी अनारशांचा घाट घालायचा नाही. निखिलला विकतचे चालतात. नंतर व्यायाम मी करून घेईन, रोज दोनदा, आणि रडलीस तरी सोडणार नाही. मग कठडा न धरता आपण पायऱ्या उतरू.

तोपर्यंत एवढं करा. न्हाणीघरात दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवून घ्या, दादानं पैसे पाठवलेत ते पडून आहेत. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, ट्रंकेतलं काही हवं असेल तर मी आल्यावर काढू. संध्याकाळी सहानंतर स्कूटर नाही. साखरेची गोळी जेवणानंतर, ‘आज कमी खाल्लं’ म्हणून चुकवायची नाही. साखरेची एचबीए१सी चाचणी फेब्रुवारीत पुन्हा करा आणि रिपोर्टचा पूर्ण फोटो पाठवा, अर्धा नाही. गळ्यात घालायच्या बटणाची चौकशी मी पुण्यात करतेय. आलं की घालायचं, ‘आम्ही काय एवढे म्हातारे झालो का’ असं म्हणायचं नाही. १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान आहे. दोघांनी जा, पण सकाळी लवकर, रिक्षानं, आणि आईसाठी खुर्ची मागून घ्या. माझ्या वाटचंही तुम्हीच नीट विचार करून द्या.

राग आला असेल तर पत्र वाचल्यावर फोनवर रागवा, मी ऐकून घेईन. बाबा, तुम्हाला दोन-चार दिवस बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल, पण आईकडून तब्येतीचं कळवा. मे महिन्यात येताना काय काय आणू, त्याची यादी आतापासूनच करा. बाबांसाठी उबदार चप्पल घेतलीय, आठ नंबर. पाय सुजत असेल तर नऊ घेते, मोजून सांगा.

दोघांना नमस्कार, निखिलचाही.

तुमची,
मनू