काड्या ओळीत येतात त्या ओढीने नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला द्रवस्फटिकांवरचा, म्हणजे वाहते असूनही रेणू एका दिशेला लागलेल्या पदार्थांवरचा, लेख वाचला. फार सोपा करून लिहिला आहे, पण एक विधान खटकले. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, म्हणून रेणू एका दिशेला लागायचे तर त्यांच्यात परस्पर ओढ असलीच पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना मुलांच्या डोक्यातून हेच काढताना माझा घसा बसायचा.

ताठ, काठीसारख्या रेणूंचा हिशेब लार्स ऑन्सागर या शास्त्रज्ञांनी 1949 साली मांडला. त्यात ओढ मुळीच नव्हती. एक काडी दुसरीत शिरू शकत नाही, एवढीच अट. द्रावण विरळ असताना काड्या कशाही पडलेल्या असतात. दाटी वाढली की आडव्यातिडव्या काड्या एकमेकींची वाट अडवतात. मग त्या साधारण एकाच दिशेला लागतात. वळायची मोकळीक कमी होते, पण सरकायला जागा मिळते, आणि ठरावीक दाटीनंतर ही मिळकत त्या तोट्याला पुरून उरते. एन्ट्रॉपी हे खरे तर रेणूंना किती तऱ्हांनी राहता येते याचे माप. म्हणजे शिस्त येते ती एन्ट्रॉपी वाढते म्हणूनच! जाडीच्या शंभरपट लांब काड्या असतील, तर त्यांनी चारेक टक्के जागा व्यापली की पुरे.

आणि हे नुसते कागदावरचे गणित नाही. तंबाखूच्या मोझॅइक रोगाचा विषाणू म्हणजे 300 नॅनोमीटर लांब, 18 नॅनोमीटर जाड अशी ताठ काडीच. त्याच्या दाट द्रावणाचे आपोआप दोन थर होतात आणि खालचा थर ध्रुवित प्रकाशात (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात) उजळतो, ही काड्या एका दिशेला लागल्याची खूण, हे बॉडेन, पिरी आणि सहकाऱ्यांनी 1936 सालीच नोंदवले होते.

वर्गात मी खराट्याच्या हिरांचे बोटभर तुकडे परातीत घालून हलवायला लावत असे. चिमूटभर तुकडे कसेही पडत. दोन मुठी घातले की जागोजागी जुड्या बांधल्यासारखे शेजारी-शेजारी लागत, काठाशी तर हमखास. उष्णतेची हालचाल आणि हाताने हलवणे एक नव्हे, पण अडवणूक डोळ्यांना दिसते.

टीव्ही-मोबाइलच्या पडद्यातल्या द्रवस्फटिकांचे रेणू आखूड असतात. तिथे ओढही असते आणि अवस्था तापमानाने बदलते, तेवढ्यापुरते लेखकाचे बरोबर आहे. पण 'असलीच पाहिजे' हे चूक. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. आमच्या गल्लीतल्या दोन मुलींनी तो लेख कापून वहीत चिकटवला आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली