भोपळा नव्हे, मोजमाप

महोदय,

म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद. त्याचं चुंबकत्व मोजून नव्या कणाचा माग काढणाऱ्या प्रयोगावरची आपली बातमी वाचली. नवा कण मिळाला नाही म्हणून दिलेलं ‘अखेर हाती भोपळाच’ हे शीर्षक खटकलं. ३२ वर्षं मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक होतो. भोपळा कशाला म्हणायचं, याबाबत माझं मत जरा वेगळं आहे.

बीएस्सीची पोरं टॉर्शनल पेंडुलम करायची. तारेला टांगलेली, पीळ देऊन सोडलेली पितळी चकती, २० आंदोलनं मोजायची, स्टॉपवॉच दाबायचं. पंखा बंद करा म्हटलं की उकाड्याची कुरकुर सुरू. खिडकीजवळच्या टेबलावर तर चकती नुसत्या वाऱ्यानेही डुलायची. मग जर्नलात, म्हणजे प्रयोगवहीत, उत्तर जुळावं म्हणून रीडिंग ‘बसवलं’ जायचं. मला ते लांबूनच कळे : तिन्ही रीडिंग हुबेहूब एकच!

म्यूऑनचा प्रयोग करणाऱ्या अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेने या मोहाला आधीच कुलूप घातलं होतं. मोजणीच्या घड्याळाची नेमकी वारंवारता खुद्द संशोधकांपासून लपवलेली. ती ठाऊक असलेली दोन माणसं गटाबाहेरची, आकडा पाकिटात बंद. २०२१ मध्ये पाकीट फुटलं, तेव्हाच त्यांनाही स्वतःचं उत्तर कळलं. जून २०२५ मध्ये अंतिम मोजमाप आलं : अनिश्चितता अब्जात फक्त १२७ भाग. मधल्या काळात सिद्धांताचं गणितही सुधारलं आणि मोजमाप व सिद्धांत यांतल्या ज्या तफावतीवरून नव्या कणाची आशा होती, ती उरली नाही. छुपा कण असलाच, तर त्याला लपायला जागा कमी झाली. ही बातमी नव्हे?

आपल्याकडेही हे झालंय. १९८६ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एफ्राइम फिशबाख यांनी ‘पाचव्या बला’ची, म्हणजे निसर्गातल्या चार ज्ञात मूलभूत बलांपलीकडच्या बलाची, शंका काढली. बल वाहणारा कण जितका हलका, तितका बलाचा पल्ला लांब. त्यामुळे तो कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राऐवजी तराजूनेही शोधता येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) रामनाथ कौसिक आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकात गौरीबिदनूरला तो तसा शोधला, तारेच्या पिळावर चालणाऱ्या तराजूने. बल सापडलं नाही. असलंच तर किती दुबळं असेल, ती मर्यादा त्यांनी १९८८ मध्ये छापली. पुढच्या वेळी असा मर्यादेचा आकडा बातमीत जरूर द्यावा, ही विनंती.

त्यांची ती प्रयोगशाळा जमिनीखाली २५ मीटरवर होती. आमच्याकडे पंख्याचं बटणसुद्धा तासभर बंद राहत नसे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सांगली