खाडाखोडीला गुण द्या

महोदय,

अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिक वह्यांत साध्या दोलकाचा (धाग्याला टांगलेल्या गोळ्याचा) प्रयोग पाहावा, तर वर्गातल्या बहुतेकांचे g, म्हणजे गुरुत्वत्वरण, हटकून 9.8 येते. 20 दोलनांचे (जाऊन-येऊन एक झोका म्हणजे एक दोलन) तीन वेळचे वाचनही 40.16, 40.16, 40.16 सेकंद असते. हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचवर असे होत नाही. घड्याळ शतांश सेकंद दाखवते खरे, पण बोट दाबायलाच दशांश-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात. 40.09, 40.31, 40.15 अशी वाचने मला जास्त विश्वासाची वाटतात.

चुकलेली वाचने लपवण्याऐवजी वाचायला शिकवली, तर चूक कुठे झाली हे आकडेच सांगतात. मीटरभर लांबीला तीनपैकी एकच वाचन 38.1 आले, तर फरक बरोबर एका दोलनकालाचा (एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा), म्हणजे 2 सेकंदांचा आहे. तेवढ्यापुरते मोजणे चुकले. पण g सगळ्याच लांबींना 10.8 च्या आसपास येत असेल, तर मुलाने स्टॉपवॉच सुरू करताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलेले असते. 19 दोलनांच्या वेळेला 20 ने भागले, दोलनकाल 5 टक्क्यांनी घटला, आणि g काढताना लांबीला दोलनकालाच्या वर्गाने भागत असल्यामुळे g सुमारे 11 टक्क्यांनी वाढले. गंमत म्हणजे लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख तरीही सरळ आणि आरंभबिंदूतूनच जातो. बिघडतो फक्त चढ: दर मीटरला 4.03 ऐवजी 3.64.

लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते; गोळ्याची त्रिज्या लांबीत मिळवायची राहिली, की उलटे घडते. चढ बरोबर येतो, रेषा मात्र आरंभबिंदू चुकवून लांबीच्या अक्षाला उणे 1 सेंटिमीटरच्या जवळ छेदते. तीच गोळ्याची त्रिज्या! प्रत्येक वाचनावरून वेगळे g काढणाऱ्याला 50 सेंमीला 2 टक्के, तर 100 सेंमीला 1 टक्का कमी उत्तर मिळते. म्हणून आलेख आधी काढायला लावावा, सरासरी नंतर. धागा 30 अंशांपर्यंत ओढून सोडला, तर दोलनकाल पावणेदोन टक्के वाढतो. 10 अंशांच्या आत हा फरक नगण्य असतो.

बहुतेक मुले उत्तर जुळवतात ते 9.81 शी. महाराष्ट्रात g 9.78 ते 9.79 च्या दरम्यान असते.

परीक्षकांना विनंती, की व्हाइटनर लावलेल्या वहीचे गुण कापावेत. चुकीच्या वाचनावर एकच आडवी रेघ मारून शेजारी कारण लिहिणाऱ्याला मात्र गुण द्यावेत, त्याचे g 10.8 आले तरी.

– भौतिकशास्त्राची एक शिक्षिका, सातारा