मागाचा उजेड निजायच्या खोलीत नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीविषयी अधूनमधून जे लेख येतात, ते मी आवडीने वाचतो. मात्र त्यांतल्या खोल्या आमच्या सोलापुरातल्या नसतात, म्हणून हे पत्र. सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्यात वायरमन म्हणून माझी नोकरी झाली. मागावर तुटलेला धागा चटकन दिसावा लागतो, त्यामुळे तिथे पांढराशुभ्र, लख्ख उजेडच हवा. मुलाच्या लग्नाच्या वेळी त्याची खोली सजवून घेतली तेव्हा नेमका तोच उजेड माझ्या घरातल्या निजायच्या खोलीत आला, आणि दिव्यांत आयुष्य काढलेल्या माझ्याही ते खोलीत पहिला दिवा लागेपर्यंत लक्षात आले नाही.

दुकानदाराने दिलेले सगळे दिवे 6500 केल्विनचे होते. प्रकाशाची रंगछटा सांगणारा हा आकडा खोक्यावर छापलेला असतो, पण गिऱ्हाईक वॅट आणि किंमत यांपलीकडे पाहत नाही. केल्विन जितका जास्त, तितका प्रकाश निळसर. जुन्या पिवळ्या बल्बचा प्रकाश 2700 केल्विनच्या आसपास असे. रात्री डोळ्यांवर निळसर प्रकाश पडत राहिला, तर झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होते, म्हणून निजायच्या खोलीला 2700 ते 3000 केल्विनचा दिवा बरा. शिवाय 9 वॅटचा एक एलईडी बल्ब साधारण 900 ल्युमेन, म्हणजे जुन्या 60 वॅटच्या बल्बपेक्षाही थोडा अधिक, प्रकाश देतो. आमच्या 10 बाय 10 च्या खोलीत असे सहा दिवे एकाच बटणावर बसवले. त्यांतले दोन पंख्याच्या पात्यांच्या बरोबर वर आल्यामुळे पंखा सुरू झाला की भिंतीभर सावल्या लपलपतात, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर पंखा बंद ठेवण्याची सोय कुणाला आहे? छताच्या मधोमध सहा दिवे लावण्यापेक्षा उशाशी भिंतीवर एक मंद दिवा आणि त्याचे बटण दाराजवळ व पलंगाजवळ असे दोन्हीकडे, एवढे पुरे होते. त्यासाठी टू-वे स्विच लागतो आणि वायर भिंतीत गाडण्याआधीच तो सांगावा लागतो. आता रात्री दिवा मालवून पलंगाकडे चाचपडत जाताना सूनबाईंचा गुडघा पलंगाच्या कोपऱ्यावर नेमाने आपटतो.

त्या पलंगाविषयीही लिहिले पाहिजे. गादी 78 बाय 72 इंचांची, म्हणजे साडेसहा फूट लांब. उशाची फळी आणि चौकट धरून पलंग 7 फुटांचा झाला. समोरचे कपाट 2 फूट खोल, मध्ये उरला 1 फूट आणि कपाटाचे दार दीड फुटाचे! ते आजतागायत पूर्ण उघडलेले नाही. पलंग 5 फूट रुंदीचा घेऊन कपाट बाजूच्या भिंतीला लावले असते, तर दुसऱ्या भिंतीशी फूटभर जागा सोडूनही दार मोकळे उघडले असते. एवढा हिशेब खडूने फरशीवर आखून पाहिला असता तरी कळला असता. दुकानात मात्र हाच पलंग लहानसा दिसत होता, कारण तिथे छत उंच आणि चारी बाजूंना मोकळी जागा होती.

उशाची उंच फळी खिडकीवर आल्याने रात्रीची झुळूक अडते. वरचा स्लॅब दिवसभर तापलेला असताना हा त्रास कमी नाही. खाली पेटी असलेल्या पलंगाखाली केरसुणी जात नाही, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. पाहुण्यांच्या चादरी-रजया त्या पेटीत मावतात हे मलाही मान्य असल्याने तो मी इथे वाढवत नाही.

आपणांस विनंती अशी की, पुरवणीतल्या प्रत्येक छायाचित्राखाली खोलीची लांबी-रुंदी, पलंगाचे माप आणि दिव्यांचे केल्विन व ल्युमेन छापावेत, आणि महिन्यातून एकदा तरी 10 बाय 10 ची, एकच खिडकी असलेली खोली दाखवावी. शहरातल्या दुकानदारांनीही दुकानाचा एखादा कोपरा अंधारा ठेवून गिऱ्हाइकाला दोन्ही प्रकारचे दिवे तिथे लावून दाखवावेत. आमच्याकडचे सहापैकी चार दिवे मी गेल्या आठवड्यात काढले. उरलेले दोन पंख्यावरचे आहेत आणि ते उतरवायला छत फोडावे लागणार आहे.

आपला,
एक निवृत्त वायरमन, जुळे सोलापूर